वाहनमुक्त बांध

आमच्या बांधावर माणसाला बंदी आहे, सायकलला नाही. हे मी चेष्टेनं सांगत नाही. खारवेले गावातून बांधाकडे चढलं की एक फाटक लागतं. समोर सायकल आली की ते आपोआप उघडतं. पायी माणूस आला, डोक्यावर पाटी घेऊन बाई आली, म्हैस आली, तर उघडत नाही. वरून एक गोड आवाज सांगतो की हा मार्ग वाहनमुक्त आहे, आपण कृपया सेवारस्त्याने जावे. पाय हे वाहन कधीपासून झालं, असं मी मार्ग मंडळाच्या एका साहेबांना विचारलं होतं. ते हसले आणि म्हणाले की दर्शनाताई, तुम्ही फार विनोदी बोलता.

मी दर्शना घरत, वय एक्कावन्न. माहेर आणि सासर दोन्ही खारवेल्यातच, त्यामुळे लग्नात माझी पाठवणी तीन मिनिटांत आटोपली होती. गेली सहा वर्षं मी मंडळाची मार्गसेविका आहे. पिवळं जाकीट, पंक्चरची पेटी, पाण्याचा पिंप आणि हातात एक यंत्र. तीन किलोमीटर बांध माझ्या हद्दीत येतो. सायकलवाल्यांच्या साखळ्या बसवायच्या, त्यांचे फोटो काढायचे आणि गावचा कोणी चुकून वर चढला तर त्याला खाली उतरवायचं, हे माझं काम. त्यात माझे वडीलही आले.

बाहेरच्या माणसाला आमचा बांध कळायला थोडं सांगावं लागेल. आमची भातशेती समुद्राच्या भरतीपेक्षा खाली आहे. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला खार, म्हणजे भाताची सपाट जमीन, आणि मध्ये पुरुषभर उंचीचा मातीचा बांध. रोज दोनदा पाणी बांधाला येऊन टेकतं आणि परत जातं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ते ऐन दुपारी बांधाच्या गळ्यापर्यंत येतं. बांध फुटला आणि खारं पाणी आत आलं की त्या जमिनीत तीन वर्षं भात होत नाही. मग पोरं कारखान्याच्या गेटावर उभी राहतात, बाया पनवेलला घरकामाला जातात आणि गाव म्हाताऱ्यांपुरतं उरतं.

म्हणून आमच्याकडे जोळ होती. जोळ म्हणजे सगळ्या गावानं मिळून बांध राखायचा. गावात एक्केचाळीस घरं, बांधाचे एक्केचाळीस हिस्से. प्रत्येक हिश्शाच्या टोकाला त्या घराच्या खुणेचा दगड. माझ्या वडिलांचा, हसुराम मोकलांचा, हिस्सा बावीस हात लांबीचा आणि त्यांच्या दगडावर दोन रेघा. उधाणाच्या दिवशी प्रत्येक घरचा एक माणूस आपल्या हिश्शावर फावडं घेऊन अनवाणी उभा राहायचा. घरात लग्न असो की सुतक, उभं राहायचंच. तळपायाला ओल लागली की तिथं खणायचं, आतलं खेकड्याचं बीळ शोधायचं आणि चिखलाचे गोळे ठोकून ते बुजवायचं. खेकडा आपल्या बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीची ढिगुळी घालतो, तीच खूण. बीळ मोठं झालं तर वरची माती खचून खळगा पडायचा, आणि तो आंधळ्यालाही पायाखाली कळायचा. मातीचा बांध आपलं दुखणं लपवत नाही, असं बाबा म्हणायचे.

मग कवच आलं. त्यामागचं विज्ञान खोटं नव्हतं, हे मला आधीच कबूल करू दे. मातीत एक जिवाणू असतो, तो युरियावर जगतो. युरिया पचवताना तो कार्बोनेट बाहेर टाकतो. त्याला चुन्यातलं कॅल्शियम मिळालं की मातीच्या कणाकणामध्ये बारीक चुनखडी धरते. कालवाचं शिंपलं ज्याचं बनतं, तेच हे. बांधाच्या माथ्यावर आणि उतारांवर जिवाणूंचं द्रावण फवारायचं, वर खुराक ओतायचा, की आठ दिवसांत मातीचा वीतभर जाड दगड होतो. डांबर नाही, सिमेंट नाही, धूर नाही. कवचाला चीर पडली आणि ओल शिरली की आत निजलेले जिवाणू जागे होतात आणि चीर सांधून टाकतात. वरून कवचात दर दहा हातांवर एकेक संवेदक पुरलेला. सायकलचं चाक वरून गेलं की त्याची थरथर तो ऐकतो आणि कवच शाबूत आहे की नाही ते कळवतो. शाबूत असेल तर माझ्या यंत्रावर हिरवा ठिपका, नसेल तर लाल.

मंडळाचे अभियंता वेदांग रिसबूड यांनी हे सगळं आम्हाला शाळेच्या पटांगणात समजावून सांगितलं होतं. पोरगेलासा, नम्र माणूस, चहाची कपबशी स्वतः उचलून ठेवणारा. त्यांनी सांगितलं की बांध आता कायमचा पक्का होईल. आणि त्याच्या माथ्यावरून रेवसपासून दक्षिणेकडे दोनशे सत्तर किलोमीटर सपाट सायकलमार्ग जाईल, एकही गाडी न दिसता. देशोदेशीचे लोक येतील. घरटी एक सायकल मंडळाकडून भेट. गावानं टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. सहा पिढ्या चिखलात उभं राहून ज्यांच्या पायांची बोटं कुजली, त्यांना कोणी सांगितलं की उद्यापासून उभं राहू नका, तर ते टाळ्या वाजवणारच.

त्याच महिन्यात सभा घेऊन आम्ही जोळ मोडली. ठराव मांडला माझ्या नवऱ्यानं, जितेशनं. आमच्या घराला दोन खोल्या वाढवून त्याला सायकलवाल्यांसाठी राहण्याची सोय काढायची होती. ठराव लिहिला मी, कारण गावात माझं अक्षर चांगलं. ‘बांध पक्का झाला असल्याने जोळ विसर्जित करण्यात येत आहे.’ पेढे वाटले. हिश्शांचे एक्केचाळीस दगड मंडळानं उपटून विश्रांती थांब्यावर गोलात मांडले, पाहुण्यांना टेकायला. बाबांनी सही केली नाही आणि पेढाही घेतला नाही.

पहिली पाच वर्षं बांध कुठेही फुटला नाही, गळलाही नाही. रिसबूडांना मी मनोमन दुवा देत असे. चीड यायची ती दुसऱ्या गोष्टींची. बांधापलीकडे आमची स्मशानभूमी. गोमाआजी गेली तेव्हा तिरडी फाटकाशी चार माणसांच्या खांद्यावर उभी, आणि गोड आवाज सांगतोय की सेवारस्त्याने जावे. सेवारस्ता म्हणजे चार किलोमीटरचा वळसा. मी यंत्रावरून परवानगी मागितली. उत्तर आलं की मार्गावर समूहाने चालण्यास मनाई आहे. आम्ही आजीला उन्हातून वळसा घालून नेलं. वर बांधावरून दोन पाहुणे सायकल थांबवून हात जोडून उभे राहिले. त्यांचा काही दोष नव्हता, पण त्या दिवशी मला त्यांच्या जोडलेल्या हातांचाही राग आला.

बाबांनी मात्र उभं राहणं सोडलं नाही. दर उधाणाला ते बांधाच्या आतल्या बाजूनं, शेतातून यायचे. तिथं फाटक नाही. आपला हिस्सा त्यांना दगडाशिवायही ठाऊक होता. उताराच्या पायथ्याशी, जिथं कवच संपून माती लागते, तिथं ते अनवाणी उभे राहायचे. मी वरून जाकीट घालून बघायची. गेल्या श्रावणात त्यांनी मला खाली बोलावलं. म्हणाले, “बूट काढ आन् इकरं पाय ठेव. ओला हाय.”

मी पाय ठेवला. ओल होती. वर ठिपका हिरवा होता.

मी लगेच कळवलं. आता यंत्रावर कळवायचं म्हणजे यादीतून एक कारण निवडायचं. तडा, कचरा, गुरे, मानवी इजा, इतर. ओल हे कारण यादीत नव्हतं. मी ‘इतर’ दाबून लिहिलं, ‘मोकलांच्या हिश्शात आतून ओल येते आहे.’ दहा मिनिटांत उत्तर आलं, ‘तपासणी पूर्ण, कवच शाबूत, तक्रार बंद.’ माणूस आला नव्हता. संवेदकानंच स्वतःला विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं. भाद्रपदात मी दुसऱ्यांदा कळवलं, आश्विनात तिसऱ्यांदा. तिन्ही तक्रारी बंद.

खेकडे दिसत नाहीत, हे बाबांनीच पहिल्यांदा ओळखलं. चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्याही गेल्या होत्या. त्याचं कारण मला नंतर कळलं, पण इथंच सांगते. जिवाणू युरिया पचवतो तेव्हा चुनखडीबरोबर अमोनियाही सुटतो. दर वर्षी कवचाला खुराक दिला जात होता आणि दर वर्षी अमोनिया झिरपून बांधाच्या पोटात उतरत होता. खेकडे मेले किंवा निघून गेले, बिळं तशीच राहिली. पूर्वी बीळ दिसलं की बुजायचं, आता वरून कवचानं झाकलेलं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, इथं नागोबा म्हणजे भरतीचं पाणी. ते पायथ्याकडून शिरायचं, बिळाबिळातून फिरायचं, थोडी माती घेऊन बाहेर पडायचं. मातीचा बांध असता तर वरून खचला असता आणि दिसला असता. कवच मात्र दगडाच्या फळीसारखं जागच्या जागी. यंत्र कवचाची नाडी बघत होतं, बांधाची कोणी बघतच नव्हतं.

त्रिपुरी पौर्णिमेला मंडळाची मोठी सफर ठरली होती. चारशे सायकली, बारा देशांचे पाहुणे. ऐन दुपारी बाराच्या सुमाराला ते आमच्या बांधावरून जाणार, कारण तेव्हा खाडी काठोकाठ भरलेली असते आणि चित्रं छान येतात. खारात भात कापणीला आलेलं.

आदल्या दिवशी सकाळी माझं यंत्र लाल झालं. मी सायकल मारत गेले तर बाबा आपल्या हिश्शावर गुडघे टेकून बसलेले, शेजारी पहार. उतारावर कवचाला त्यांनी नारळाएवढं भोक पाडलं होतं. एकोणऐंशी वर्षांच्या माणसानं एवढा दगड कसा फोडला कोण जाणे. मी ओरडले. त्यांनी भोकात हात घातला. कोपर गेलं, दंड गेला, खांद्यापर्यंत सगळा हात आत गेला आणि कुठेच टेकला नाही.

“आता तू घाल,” ते म्हणाले.

मी घातला. आत गार हवा होती आणि खाली कुठेतरी पाणी हलत होतं.

मी तिथूनच रिसबूडांना फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं, आणि नक्की किती पोकळ आहे असं विचारलं. मी म्हटलं की माझा हात पुरत नाही. ते म्हणाले की ताई, उद्या सफर आहे, मंत्री येणार आहेत, आज कवच कापायला परवानगी मिळणार नाही. तुम्ही पेटीतलं द्रावण ओतून भोक सांधा, पौर्णिमा झाली की मी स्वतः येतो. आणि नोंद करा, नाहीतर लाल ठिपका जाणार नाही.

मी नोंद केली. यादीतून कारण निवडलं, ‘मानवी इजा’. कोणी केली या रकान्यात ‘हसुराम मोकल’ लिहिलं. नाव लिहिताच यंत्रानं त्यांना आपणहून मार्गबंदी घातली. भोकावर जाळी ठेवून मी द्रावण ओतलं, बाबांची पहार काढून घेतली आणि त्यांना घरी जायला सांगितलं. नोकरी जाईल या भीतीनं केलं असं मी म्हटलं तर ते अर्धंच खरं. सहा वर्षं हिरवा ठिपका बघून माझा स्वतःच्या हातावरचा विश्वास उडाला होता, हे उरलेलं अर्धं. संध्याकाळी ठिपका पुन्हा हिरवा झाला.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता मी बाबांच्या हिश्शावर झेंडा घेऊन उभी होते. सफरीसाठी शेतातल्या पायवाटाही बंद केल्या होत्या. बाबा फाटकाशी फावडं घेऊन उभे होते आणि फाटक त्यांना सांगत होतं की आपणास या मार्गावर प्रवेश नाही. सायकली येऊ लागल्या. लाल, पिवळ्या, निळ्या टोप्या, हसणारे चेहरे, एका मुलीनं मला फूल दिलं. तेवढ्यात माठ भरताना येतो तसा बुडबुड आवाज पायाखालून आला. मी आतल्या बाजूला पाहिलं. पायथ्याची माती गेली होती आणि बांधाच्या पोटातून करडं पाणी सरळ भातात पडत होतं.

वर कवच तसंच होतं. ओढ्यावर फळी टाकावी तसं ते पाण्यावर अधांतरी होतं आणि त्यावरून सायकली चालल्याच होत्या. यंत्रावर ठिपका हिरवा. मी झेंडा आडवा धरून रस्त्यात उभी राहिले, एकाला तर हँडल धरून पाडलं. मागचे थांबले. पुढचे दोघे कवचावरच होते, तेव्हा ते तुटलं. जितेश आणि शेजारचे दोघं दोर घेऊन पाण्यात उतरले आणि त्यांनी त्या दोघा सायकलवाल्यांना बाहेर काढलं. माणसं वाचली. ठिपका लाल झाला तो बारा वाजून एकतीस मिनिटांनी. तोवर दक्षिणेच्या खारात गुडघाभर समुद्र होता आणि लोंब्या पाण्यावर आडव्या झाल्या होत्या.

बाबांना आत सोडलं ते ओहोटी लागल्यावर. ते फुटलेल्या तोंडाशी आले, बघत राहिले आणि मला काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

अकराव्या दिवशी मंडळाची चौकशी समिती आली. विश्रांती थांब्यावर, आमच्याच हिश्शांच्या दगडांवर बसून तिघांनी चौकशी केली. अहवाल तयारच होता. संवेदकांच्या नोंदीनुसार मार्ग सहा वर्षं सलग शाबूत. अपवाद फक्त एक, घटनेच्या आदल्या दिवशी हसुराम मोकल यांनी कवचाला पाडलेले छिद्र. सबब त्या छिद्रातून पाणी शिरून बांध फुटला. पुरावा म्हणून मार्गसेविका दर्शना घरत यांची नोंद जोडली आहे. उर्वरित मार्ग सुस्थितीत असून पंधरवड्यात सफरी पूर्ववत सुरू होतील. खाली माझ्या सहीची जागा.

माझ्या तीन तक्रारी कुठे आहेत, असं मी विचारलं. त्या बंद झालेल्या आहेत, समितीतल्या बाई म्हणाल्या, बंद तक्रारी पुराव्यात धरता येत नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी हे मी शाळेत वाक्यात उपयोग करा म्हणून लिहिलं होतं. तेव्हा वाटलं नव्हतं की संन्यासी माझ्याच घरचा निघेल आणि दोर मीच वळलेला असेल.

रिसबूड मागे उभे होते. बाकीचे चहाला गेल्यावर ते माझ्याजवळ आले. डोळे खाली. म्हणाले, “आत पोकळ होतं, ताई. फुटल्या तोंडाशी मी मोजलं. दोन्ही बाजूंना तसंच आहे. पण अहवालात पोकळीला रकानाच नाही.”

“मग रकाना पाडा.”

“पाडायचा तर सगळा मार्ग बंद करावा लागेल. दोनशे सत्तर किलोमीटर. ते कोणी ऐकणार नाही.”

मी त्यांना विचारलं की उत्तरेच्या खारात, आडव्या बांधापलीकडे, अजून भात उभं आहे, गावाचं गोड्या पाण्याचं तळं तिकडेच आहे, आणि चार दिवसांवर अमावास्येचं उधाण आहे, हे तरी ते ऐकतील का. त्यांना लाज वाटत होती हे दिसत होतं. पण लाजेनं बांध बुजत नाही. मी वाचायला म्हणून दोन दिवस मागून घेतले.

घरी जितेश समजावू लागला. सही करून टाक म्हणाला. बाबांचं वय झालंय, त्यांना कोण आता तुरुंगात घालतंय. मार्गबंदी राहील, राहू दे. आपल्या खोल्या आहेत, गावात आणखी अकरा घरांनी खोल्या बांधल्यात. मार्ग गेला तर सगळेच गेले. तो वाईट माणूस नाही. अकरा दिवसांपूर्वी त्यानंच पाण्यात उडी घेतली होती. पण त्या क्षणी मला तो त्या कवचासारखाच वाटला, वरून घट्ट. मी त्याला विचारलं की आपलं शेत उत्तरेच्या खारात आहे ना. तो म्हणाला हो. मग मी त्याला बूट काढायला लावले आणि शेतातून बांधाच्या पायथ्याशी, घरतांच्या हिश्शावर नेलं. त्यानं पाय ठेवला. मग उचलून ओला तळवा पाहिला.

“कधीपासून?” त्यानं विचारलं.

“तू ठराव मांडलास आणि मी लिहिला, तेव्हापासून,” मी म्हटलं.

अहवालावर मी सही केली. सहीच्या वर मोठ्या, चांगल्या अक्षरात लिहिलं, ‘बांध आतून पोकळ होता. मी तीनदा कळवले. भोकात माझा स्वतःचा हात खांद्यापर्यंत गेला होता. भोक बुजवायचे द्रावण अभियंत्याच्या सांगण्यावरून मीच ओतले. हसुराम मोकल यांनी एकट्याने आपला हिस्सा राखला, आम्ही चाळीस घरांनी राखला नाही.’ त्याचा फोटो काढून मी गावातल्या सगळ्या घरांना पाठवला आणि खाली लिहिलं की परवा अमावास्या आहे, उद्या सकाळी जोळ. सायकल घेऊन या.

सायकल का, ते दुसऱ्या दिवशी कळलं. शेतातून आडवाटेनं नाही, फाटकातून उघड जायचं होतं. मंडळानं भेट दिलेल्या सायकली घराघरांतून बाहेर निघाल्या. काहींवर सहा वर्षं कपडे वाळत होते, काहींच्या चाकांत कोंबड्यांनी अंडी घातली होती. मी पहाटेपासून पंक्चर काढत बसले. प्रत्येकानं फावडं, कुदळ, पहार दांडीला लांबीत बांधलं, म्हणजे हँडलच्या बाहेर काही येत नाही. फाटकाची अट तेवढीच.

बाबांना मी माझ्या मागे कॅरिअरवर बसवलं. फाटकाचा डोळा पुढच्याचा चेहरा बघतो. पुढे मी, पिवळ्या जाकिटात, मंडळाची मार्गसेविका. माझ्या पाठीला टेकून, मांडीवर आडवी पहार न ठेवता उभी धरून, मार्गबंदीचा गुन्हेगार. फाटक उघडलं. गोड आवाज म्हणाला, सुस्वागतम्. ऐंशीला टेकलेले बाबा पहिल्यांदाच सायकलवर बसून आपल्या बांधावर आले.

मागून एकेक करून लोक आले. सगळे नाही आले. खोल्या बांधलेल्या बारा घरांपैकी चार आली, त्यांत आमचं एक. जितेशच्या सायकलला अजून ‘राहण्याची उत्तम सोय’ अशी पाटी लटकत होती. एकूण तेहेतीस. हिश्शाचे दगड नव्हते तरी म्हाताऱ्यांना जागा आठवत होत्या, आणि ज्यांना आठवत नव्हत्या त्यांना बाबांनी दाखवल्या. न आलेल्यांचे हिस्से शेजाऱ्यांनी वाटून घेतले. मग पहारी पडू लागल्या. जिथं कवच फोडावं तिथं पोकळ. तिसऱ्या हिश्शात अख्खी घागर उतरेल एवढं. तरुण पोरांना चिखलाचा गोळा कसा वळायचा तेच येत नव्हतं. पाणी जास्त घालत होते, ठोकलं की पसरत होता. बाबा त्यांच्यामागून फिरत होते आणि हातातला गोळा मोडून पुन्हा वळायला लावत होते.

माझ्या यंत्रावर एकामागून एक लाल ठिपके उमटत होते, मिनिटाला चार-पाच. प्रत्येकासाठी ते कारण मागत होतं. मी प्रत्येकाला ‘मानवी इजा’ निवडलं आणि कोणी केली या रकान्यात प्रत्येक वेळी ‘दर्शना घरत’ लिहिलं. साडेनऊला रिसबूडांचा फोन आला. मी उचलला नाही. साडेदहाला ते स्वतः आले, फाटकाबाहेर पायी उभे. फाटकानं त्यांना सेवारस्त्यानं जायला सांगितलं. ते शेतातून फिरून आले, पॅंट दुमडली, काही न विचारता एका हिश्शावर माती वाहू लागले. त्यांचे कोणी आभार मानले नाहीत आणि त्यांना कोणी हाकललंही नाही.

संध्याकाळपर्यंत उत्तरेच्या बांधाचा माथा नांगरल्यासारखा झाला होता. त्यावरून सायकल जाणं शक्य नव्हतं, माणूस मात्र चालू शकत होता. उद्या पोलीस येतील, मंडळ येईल, माझं जाकीट जाईल, खटला होईल. होऊ दे. उद्या दुपारी उधाणाला तेहेतीस माणसं अनवाणी उभी असतील आणि कुठे ओल आहे ते त्यांच्या पायांना कळेल.

हात धुवायला बसलो होतो तेव्हा खिशात यंत्र वाजलं. दिवसभरात एक्केचाळीसपैकी तेहेतीस सायकली मार्गावर आल्याची त्यानं नोंद घेतली होती. सफर संपली की ते सगळ्यांनाच विचारतं, तसं आम्हालाही विचारत होतं की मार्ग कसा वाटला, आपला अभिप्राय कळवा. खाली पाच चांदण्या.

बाबांनी डोळे बारीक करून बघितलं आणि ते काय म्हणतंय असं विचारलं. मी सांगितलं की बांध कसा आहे ते विचारतंय. सहा वर्षांत पहिल्यांदाच विचारतंय.

“मंग सांग त्याला,” बाबा म्हणाले, “ओला हाय.”